घर पेटलं नव्हतं, पोरी

"मावशी, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातली, वय २६. बी.एस्सी. करून जळगावला एका लॅबमध्ये नोकरी करते, रोज रेल्वेने अपडाउन. घरात अहिराणी, शाळा मराठी माध्यमाची. महिन्यापूर्वी मला बघायला एक स्थळ आलं. मूळचे शिरपूरचे, आता पुण्यात. आम्हा दोघांना गच्चीवर अर्धा तास बोलायला दिलं. बोलणं बरं झालं. नंतर अधूनमधून 'जेवलात का' एवढंच चालायचं. आठ दिवसांपूर्वी त्याचा मोठा मेसेज आला: 'वी गॉट ऑन लाइक अ हाउस ऑन फायर! फॉर मी इट जस्ट क्लिक्ड.' मी 'घराला आग' एवढंच वाचलं आणि घाबरले. वाटलं, मोठ्या माणसांत काहीतरी वाजलं. मी लिहिलं, 'आमच्याकडून बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा.' त्यावर हसणारे तीन चेहरे आणि 'द पेनी हॅजन्ट ड्रॉप्ड, आय गेस.' पेनी म्हणजे पैसा. हुंड्याचं आडून सुचवतोय असं वाटून मी भावाला सांगितलं. भाऊ भडकलाय. मग लॅबमधल्या मॅडमनी 'अगं, तसं काही नाही' म्हणत अर्थ सांगितला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून उत्तर दिलेलं नाही. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या वाक्प्रचारांचा नेमका अर्थ काय, आणि ते असे उलटे का? दुसरं म्हणजे, त्याला 'क्लिक' झालं, मला काहीच झालं नाही. मुलगा वाईट नाही वाटला, पण आत काही खट् वाजलं नाही. म्हणजे हे स्थळ माझं नाही, असं समजायचं का?"

पोरी, आधी भावाला फोन कर. बाकीचं नंतर वाच.

खरंच सांगते. भडकलेला भाऊ मध्यस्थाला फोन करतो, मध्यस्थ मामाला करतो, मामाची बायको माहेरी करते, आणि दिवेलागणीपर्यंत शिरपूरपासून शहाद्यापर्यंत 'त्यांनी पैसे मागितले' हे पोहोचलेलं असतं. मग मात्र घर पेटेल, आणि ते इंग्रजीतलं नसेल. भावाला एवढंच सांग: "दादा, मी वाक्य चुकीचं वाचलं, पैशाचा विषयच नव्हता." त्याला वाईट वाटायला नको म्हणून हेही सांग, की खरोखर कोणी मागितलं असतं तर तू असंच भडकायला हवं होतंस. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तरी तो आडून मागितला जातो हे आपल्याला गावोगाव दिसतं. त्यामुळे तुझ्या मनात ती शंका आली यात तुझं काही चुकलं नाही. चुकली ती फक्त पेनी.

झाला फोन? आता बस.

मी तीस वर्षं धुळ्यात शाळेत इंग्रजी शिकवलं. पोरांना सगळ्यात जास्त रडवलं ते व्याकरणाने नाही, या असल्या वाक्प्रचारांनीच. व्याकरणाचा नियम सांगता येतो. 'हाउस ऑन फायर'चा काय नियम सांगणार?

त्याने लिहिलेल्याचा अर्थ असा, की आपलं दोघांचं बघता बघता छान जमलं. लाकडी घर, त्यावर गवताचं छप्पर, एकदा ठिणगी पडली की किती भराभर पेटत जातं, तो वेग तेवढा त्यांनी उचलला. जळालेलं घर, रडणारी माणसं, सगळं सोडून दिलं. असं बोलायला त्यांना लागून दोनशे वर्षं तरी झाली आहेत. आपणही 'बातमी वणव्यासारखी पसरली' म्हणतो तेव्हा कोणाचं रान जळालं हे विचारत नाही ना, तसंच. पण आपण वणवा बातमीला दिला, दोस्तीला नाही दिला. दोन माणसांच्या मधे आग आली की मराठी माणूस पाण्याची बादली शोधतो. आपल्याकडे 'आग लावली' म्हणजे चहाडी केली आणि 'आगलावी' ही शिवी आहे. मग तू घाबरलीस यात नवल ते काय!

आणि ही एकच गोष्ट नाही, जरा गंमत बघ. इंग्रजीत दोघांच्यात 'स्पार्क' असला की प्रेम. मराठीत ठिणगी पडली की भांडण. इंग्रजीत 'क्लिक' झालं की मन जुळलं. क्लिक म्हणजे काय, तर कडी नीट खाचेत बसल्याचा आवाज, खटका. आणि मराठीत दोघांत खटका उडाला की? दोन दिवस अबोला. तोच आवाज, तीच ठिणगी, तीच आग, पण त्यांनी सोयरिकीच्या खात्यात मांडली आणि आपण भांडणाच्या. तू त्याचा मेसेज शब्दाला शब्द लावून मराठीत वाचलास, तर तो भांडणाचाच निघणार. तुझं भाषांतर बरोबर होतं, अर्थ तेवढा चुकला.

उद्या कदाचित तो 'वी हिट इट ऑफ' असंही लिहील. तेव्हा मारामारी समजू नकोस. तेही जमण्याचंच, नेम बरोबर लागल्यासारखं. 'आइस ब्रेक' करू म्हणाला तर ते पहिल्या भेटीचं अवघडलेपण घालवण्याबद्दल आहे. थंड देशातल्या लोकांना दुसऱ्याशी बोलायचं म्हणजे गोठलेल्या नदीतून नाव काढल्यासारखं वाटत असेल. आपल्याकडे मे महिन्यात बर्फ फोडतो तो रसवंतीवाला, आणि त्याच्यासमोर उभी असलेली अनोळखी माणसं ग्लास हातात यायच्या आत एकमेकांची गावं विचारून मोकळी झालेली असतात.

'सेम वेव्हलेंथ' हा मात्र मला आवडतो, कारण तो रेडिओतून आला. तुम्हा पोरांच्या फोनला ते फिरवायचं बटणच नाही. आमच्या घरी रेडिओ होता, त्यावर जळगाव केंद्र लावायचं म्हणजे काटा हळूहळू सरकवायचा. खरखर, मधेच कुठलंतरी परकं गाणं, पुन्हा खरखर, आणि मग एकदम स्वच्छ आवाज. जरा हात लागला की परत खरखर. दोन माणसांचं जुळणं मला तसंच वाटतं. आपण 'तारा जुळल्या', 'सूर जुळले' म्हणतो तेही वाद्यावरून आलेलं. तंबोरा लावणाऱ्याला कधी बघितलंस? खुंटी पिळतो, ऐकतो, सैल करतो, पुन्हा पिळतो. मैफलीतले लोक कंटाळून चहा पिऊन येतात, तोवर त्याचं चाललेलंच.

आता पेनीकडे येऊ, कारण खरं कुसळ तिथे आहे.

१८८० च्या दशकात इंग्लंडात नाणं टाकून वस्तू मिळणारी यंत्रं आली. लंडनमध्ये आधी पोस्टकार्डं मिळू लागली. फटीतून पेनी सरकवायची, ती आत घरंगळत जायची, खाली पडली की यंत्र हलायचं आणि वस्तू बाहेर. कधी नाणं मधेच अडकायचं. माणूस यंत्रासमोर उभा, पेनी गेलेली, हातात काही नाही. मग एखादी थाप मारायची. 'पेनी ड्रॉप झाली' म्हणजे उशिरा का होईना, आत गेलेली गोष्ट एकदाची जागेवर पडली आणि उमगलं. पैशाशी संबंध एवढाच. (तिथल्या सार्वजनिक शौचालयांनाही पेनी टाकून उघडणारी कुलपं असायची. त्यामुळे 'स्पेंड अ पेनी' म्हणजे शौचालयात जाऊन येणं. त्याने कधी तसं लिहिलं, तर तोही हुंडा नव्हे. पण तसं लिहिणारा मुलगा नकोच बाई.)

तुला भुसावळ स्टेशनावरचं वजनाचं यंत्र आठवणार नाही, तू लहान आहेस. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा फलाटावर होतं. वर उभं राहायचं, रंगीत दिवे लुकलुकायचे, चक्र फिरत असायचं, ते थांबलं की नाणं टाकायचं. आत खडखड आणि मग टप्पकन एक जाड पुठ्ठ्याचं तिकीट खालच्या वाटीत. त्यावर वजन छापलेलं आणि भविष्याची एक ओळ. नाणं टाकणं आणि तिकीट पडणं याच्या मधे जो एक क्षण असायचा ना, सगळे वाकून बघायचे, तोच हा वाक्प्रचार. मी वर्गात हेच सांगायचे आणि पोरांना तो पाठ करावा लागायचा नाही.

आपल्याकडे याला 'ट्यूब पेटली' म्हणतात. आणि इथे मी आपल्या लोकांना पैकीच्या पैकी देते. इंग्रजांचा 'लाइटबल्ब' बटण दाबलं की लगेच लागतो. ट्यूब तशी नाही. तिचा स्टार्टर तडतडतो, दोन्ही टोकं लालसर होतात, एकदा लुकलुकते, विझते, पुन्हा लुकलुकते. आपल्या गावाकडचं व्होल्टेज रात्री आठ वाजता काय असतं ते मी सांगायला नको. शेवटी सासरे काठीने तिला हलकेच टकटक करत आणि मग ती लागे. समजणं हे बहुतेक वेळा असंच असतं, म्हणून तर ज्याला उशिरा कळतं त्याला आपण 'ट्यूबलाइट' म्हणतो.

म्हणजे त्या मुलाने जे लिहिलं त्याचं शुद्ध मराठी, "तुझी ट्यूब अजून पेटली नाही वाटतं." आता हे चेष्टेत म्हटलंय की खिजवून, ते तीन हसऱ्या चेहऱ्यांवरून मला सांगता येणार नाही. मैत्रीण मैत्रिणीला म्हणते तेव्हा हसू येतं. साहेब शिपायाला म्हणतो तेव्हा नाही. तुमची अजून धड ओळख नसताना, समोरच्या मुलीने माफी मागितलेली असताना, काय गैरसमज झाला हे न विचारता आणखी एक इंग्रजी कोडं टाकणं, हे मला आवडलेलं नाही. तू सगळा दोष स्वतःकडे घेतला आहेस. त्यातला पाव हिस्सा तरी त्याच्याकडे दे. मुलगा वाईट असेल असं मी म्हणत नाही. पुण्याच्या ऑफिसात दिवसभर तसंच बोलत असतील, त्याच्या लक्षातही आलं नसेल. लक्षात आणून दिल्यावर तो काय करतो, ते बघायचं.

तुला लाज वाटली ती कशाची, तेही जरा तपास. 'घरात अहिराणी, शाळा मराठी माध्यमाची' हे तू वयाच्या आणि डिग्रीच्या पाठोपाठ असं लिहिलंस, जसा काही रिपोर्टमधला दोष. अगं, २०११ च्या जनगणनेत खानदेशी (आपली अहिराणी त्यातच धरतात) ही वेगळी भाषा म्हणून मोजली गेली आहे, आणि ती आपली म्हणून सांगणारे १८ लाखांच्या वर लोक आहेत. तू घरी एक, लॅबमध्ये दुसरी आणि रिपोर्टवर तिसरी भाषा वापरतेस. तिसरीतला एक वाक्प्रचार हुकला, एवढंच झालं.

माझा याहून मोठा हुकला होता. तो आज सांगतेच.

मी मिरजेकडची. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा अहिराणीतलं ओ का ठो कळत नव्हतं. आठच दिवस झाले होते. सकाळी मी ओट्यापाशी उभी, सासूबाईंनी डब्याचं झाकण काढलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कळनं सरनं व माय."

मला वाटलं, 'कळणं संपलं, बाई.' म्हणजे आता हिला काही सांगण्यात अर्थ नाही, हिला काही कळायचं नाही. आठ दिवसांत सासूने माझा नाद सोडला! मी तशीच खोलीत गेले आणि पदर तोंडात धरून रडले. सासूबाई बाहेर गोंधळलेल्या. यांना बोलावणं गेलं. यांनी मला विचारलं, मी सांगितलं, आणि हा माणूस दारातच खाली बसला हसत. मग हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि तो डबा दाखवला. तळाशी चिमूटभर काळपट पीठ. ज्वारी आणि सालाचे उडीद, मीठ घालून एकत्र दळलेलं. त्याचं नाव कळणं. ते संपलं होतं, गिरणीत जायचं होतं, त्याच्यापलीकडे त्या माउलीला काही म्हणायचं नव्हतं.

त्या दुपारी मी दळण घेऊन आले. सासूबाईंनी भाकरी थापली, बाजूला वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल आणि ठेचा. पहिला घास घेतल्यावर त्यांनी विचारलं, "कळनं?" आणि दोघी इतक्या हसलो की ठसका लागला. सासू-सुनेची गट्टी त्या दिवशी जमली म्हणायला हरकत नाही. पण ती त्या एका क्षणात झाली नव्हती. आधीचे आठ दिवस मी त्यांना घाबरत होते, त्या मला न्याहाळत होत्या, ते सगळं त्या डब्यात होतंच.

यांच्याबद्दल विचारशील तर, बघायला आले तेव्हा मलाही काही खट् वाजलं नव्हतं. मिशी मोठी वाटली, एवढं आठवतं. दारात बसून हसले तेव्हा मात्र पहिल्यांदा हा माणूस बरा वाटला, कारण त्या हसण्यात मी मूर्ख नव्हते. तो प्रसंगाला हसत होता. हा फरक तुला ओळखता येईल. येतोच.

याच्या उलट हिशोबही ऐक. माझी एका बाईंशी शाळेत पहिल्याच दिवशी अशी गट्टी जमली, की डबा एकत्र, बाजार एकत्र, साडी एका दुकानातली. तू म्हणतेस तो क्लिक अगदी मोठ्याने वाजला होता. वर्षभरात त्या बाई आमच्या भिशीचे पैसे घेऊन ज्या सासरी गेल्या, त्या अजून परतायच्या आहेत. पटकन जमतं ते खोटं असतं असं नाही. ते फक्त गप्पा जमतील एवढं सांगतं. पैशाला माणूस कसा, आजारपणात कसा, भांडण झाल्यावर कसा, यातलं त्या आवाजात काही नसतं.

तेव्हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: खट् वाजलं नाही म्हणून नकार देऊ नकोस. आणि हेही तितकंच, की 'मावशी म्हणाली, जुळेल हळूहळू' म्हणून होकारही देऊ नकोस. हळूहळू जुळतं ते रोज थोडं पुढे सरकत असेल तर. काटा फिरवून फिरवून नुसती खरखरच येत असेल तर ते केंद्र आपलं नव्हे. अर्ध्या तासात, खाली पाच म्हातारी माणसं चहा पीत कान देऊन बसलेली असताना, कोणाला काय कळणार? तू 'बोलणं बरं झालं' लिहिलंस, पण कशावर झालं ते लिहिलं नाहीस. मला त्याचीच उत्सुकता आहे. त्याने तुझ्या कामाबद्दल विचारलं का? लग्नानंतर नोकरीचं काय, पुण्यात घर कोणाकोणाबरोबर, त्याच्यावर कर्ज किती, हे निघालं का? नसेल निघालं तर आणखी दोनदा भेटा, जळगावात भेटा, आणि या वेळी गच्ची नको.

जाता जाता एक. घरात सांगताना 'आमचं सूत जमलं' असं चुकूनही म्हणू नकोस, त्याचा भलताच अर्थ घेतील. 'गूळपीठ'ही नको, त्यात लबाडीचा वास आहे. 'मेतकूट' चालेल, पण थोडं थट्टेचं. मोठ्यांसमोर नुसतं 'पटतंय' म्हण. केवढा हिशोबी शब्द आहे बघ: पटतंय. पटलं नाही तर तसंही म्हणता येतं, कोणाचं घर पेटत नाही.

आता मेसेज. इंग्रजीत लिहू नकोस, लॅबमधल्या मॅडमकडून तर मुळीच लिहून घेऊ नकोस. असं काहीतरी लिही: "उशिरा उत्तर देतेय. तुमचं 'हाउस ऑन फायर' मी भांडण समजले आणि 'पेनी' म्हणजे हुंडा समजले. भावाला सांगूनही बसले, आता त्याची समजूत घातली आहे. अर्थ नंतर कळला. पण तुम्ही तेव्हाच सोपं करून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. भेटून बोलू या का?" शेवटून दुसरं वाक्य गाळायचा मोह होईल. गाळू नकोस.

हुंडा वाचून तो हादरेल, हादरू दे. त्यावर 'सॉरी, मी सांगायला हवं होतं' आलं तर बोलणं पुढे चालू ठेव. पुन्हा तीन हसरे चेहरे आणि एक नवीन कोडं आलं तर मला कळव, आपण दोघी मिळून उत्तर लिहू, अहिराणीत.

आणि पुन्हा घरी आलेच जेवायला, तर आईला कळण्याची भाकरी करायला सांग. वाढताना त्याला विचार, हे काय आहे. शिरपूरचं घराणं असून सांगता आलं नाही, तर हसायची पाळी तुझी.